बदलीची वकिली

राजदूत एखाद्या देशात तीन-चार वर्षं काढतो, तिथली माणसं जरा मोकळेपणानं बोलायला लागतात, आणि तेवढ्यात बदलीचा हुकूम येतो. सगळी ओळखपाळख मागे टाकून पुढच्या गावी पुन्हा श्रीगणेशा. ही रीत आपल्याकडे कुठून आली ते शोधायचं तर पुण्याच्या संगमाशी येऊन थांबावं लागतं.

मराठ्यांची रीत नेमकी उलटी होती. पेशवे बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून सनदा घेऊन परतले. नाशिकचे महादेवभट हिंगणे तिथं पेशव्यांचे वकील झाले आणि त्यांच्यामागं बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम या मुलांनी तेच काम चालवलं. वकिली, जहागीर, देवघेव सगळं एकाच घरात. बादशाही दरबारात कोण कुणाला पाण्यात पाहतो हे या घराला जन्मापासून ठाऊक, हा मोठाच फायदा. पण दिल्लीत हितसंबंध रुजले की पुण्याला लिहायच्या पत्रात ते डोकावणारच. पानिपतापूर्वी हिंगणे आणि दिल्लीतले मराठी सरदार अंताजी माणकेश्वर एकमेकांच्या कागाळ्या पुण्याला धाडत. त्यातलं खरं कुठलं, हे शनिवारवाड्यात बसून कसं ठरवायचं? या वकिलीचे कागदही घराण्याकडेच राहिले, चांदोरीला. भारत इतिहास संशोधक मंडळानं ते छापले तेव्हा पेशवाई जाऊन शतक उलटलं होतं.

इंग्रजांचा वकील मोस्टिन १७७२ पासून पुण्यात होता आणि नारायणरावांचा खून झाला तेव्हाही तो शहरातच होता. कायमची रेसिडेन्सी मात्र १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेटनं मांडली. इंग्रज-मराठ्यांमधल्या सालबाईच्या तहाचे जामीन महादजी शिंदे. इंग्रजांनी पुण्याशी परस्पर बोलावं हे त्यांना नको होतं, म्हणून मॅलेटला आधी उत्तरेत जाऊन त्यांची समजूत घालावी लागली. मग मुळा-मुठेच्या संगमावर त्याला जागा मिळाली. मॅलेट तिथं अकरा वर्षं राहिला, म्हणजे बदलीचा नियम तेव्हा काही पक्का नव्हता.

खरी गंमत त्याच्यानंतरची. पामर आला तो शिंद्यांच्या दरबारातला अनुभव घेऊन. क्लोज आला म्हैसूरहून. १८११ मध्ये एल्फिन्स्टन आला, तेव्हा त्याची नागपूरला भोसल्यांकडची रेसिडेंटी करून झाली होती. म्हणजे पुण्याच्या बंगल्यात बसलेल्या साहेबाला शिंदे आणि भोसले आतून माहीत, आणि त्याच्या आधीच्यांची पत्रं कचेरीत बांधून ठेवलेली. माणूस गेला तरी माहिती जागेवर. कॉर्नवॉलिसच्या काळात खाजगी व्यापार बंद करून पगार वाढवले गेले होते, त्यामुळे कंपनीच्या या नोकराला पुण्यात घर करायचं कारणही उरलं नव्हतं. एकट्यादुकट्या इंग्रजाच्या हुशारीपेक्षा ही व्यवस्था जास्त भारी पडली, असं मला वाटतं. नाना फडणिसांची बातमीदारी काही कमी नव्हती, पण ती नानांबरोबरच संपली.

एल्फिन्स्टनची कारकीर्द पाहिली की हे फिरतं चाक नीट दिसतं. १७९६ मध्ये पोरसवदा वयात कलकत्त्याला उतरला. बनारसला असताना, १७९९ च्या जानेवारीत, अवधचा पदच्युत नवाब वझीर अली याच्या माणसांच्या तावडीतून घोडा फेकत निसटला. १८०३ मध्ये असईला वेलस्लीच्या बरोबर. १८०९ मध्ये पेशावरला अफगाणांच्या शाह शुजासमोर. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरचा बंगला जळाला, त्यात त्याची पुस्तकंही गेली. दोन वर्षांनी तो मुंबईचा गव्हर्नर झाला.

अर्थात बदली साहेबाची होई. त्याच्या पदरचे बाळाजीपंत नातू इथलेच. साहेबाला शहर समजायचं ते अशा माणसांच्या डोळ्यांनी, आणि शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढवलं तेही नातूंनी, असं पुणं आजवर सांगत आलं आहे. फिरत्या अधिकाऱ्याला न फिरणारा माणूस लागतोच. आजच्या दूतावासातही तिथूनच नेमलेले जुने कर्मचारी काय करतात ते विचारून पाहा.

पुढं या रेसिडेंटांचंच पोलिटिकल खातं झालं. त्यात सनदी आणि लष्करी अधिकारी घेत, हिंदी माणूस क्वचित. के. पी. एस. मेनन त्या मोजक्यांतले. हैदराबादची रेसिडेन्सी, वायव्य सरहद्द, सिलोन, भरतपूरची दिवाणगिरी, मग चुंगकिंग. नकाशा मोठा झाला, चाल एल्फिन्स्टनचीच. ऑक्टोबर १९४६ मध्ये परराष्ट्र सेवा उभी करायचं ठरलं, तेव्हा वरच्या जागांवर बसवायला अशीच फिरून आलेली माणसं हाताशी होती. १९४८ मध्ये मेनन परराष्ट्र सचिव झाले.

काश्गरचा ब्रिटिश वकील जॉर्ज मॅकार्टनी मात्र १८९० पासून १९१८ पर्यंत त्याच गावात राहिला. रशियावर नजर ठेवायची तर तिथला माणूस हलवून चालणार नव्हतं, तिथं जुनी हिंगणे-रीतच कामी आली. १९४४ मध्ये मेनन चुंगकिंगला खुष्कीच्या वाटेनं गेले ते याच काश्गरवरून. स्वातंत्र्यानंतर ती कचेरी भारताकडे आली आणि तिथं गेले कॅप्टन राम साठे. पण शिनजियांगमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली आणि कचेरीच गुंडाळावी लागली. साठ्यांची मात्र बदली होत राहिली, आणि १९७९ मध्ये ते परराष्ट्र सचिव झाले.