संकलनाची यादी : एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना काय टिकते?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पालघर-बोईसरपासून गडचिरोलीपर्यंत अनेक शिक्षक मोबाइलवर चित्रफिती बनवून मुलांपर्यंत पाठ पोहोचवू लागले. त्याच वर्षी २९ जूनला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यांत व्हिवा व्हिडिओ हे संकलनाचे ॲपही होते. त्यात पूर्ण होऊन बाहेर काढलेला पाठ कोणत्याही फोनवर दिसत राहिला. परंतु अर्धवट जोडलेला पाठ दुसऱ्या ॲपमध्ये उघडून पुढे नेण्याची सोय नव्हती. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला सत्तर-ऐंशी वर्षे मागे जावे लागते.

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेऊ. समजा, सातपाटी बंदरावर आपण तासभर चित्रण केले आणि त्यातून दहा मिनिटांचा पाठ तयार करायचा आहे. संकलनाचा प्रोग्राम मूळ चित्रणाला हात लावत नाही. कोणत्या तुकड्याचा कोणता भाग, किती वेळ, कशानंतर दाखवायचा, एवढे निर्णय तो नोंदवून ठेवतो. या नोंदवहीला 'प्रोजेक्ट' म्हणतात. चित्रफीत म्हणजे शिजलेला स्वयंपाक, तर प्रोजेक्ट म्हणजे त्याची कृती. अडचण अशी की प्रत्येक प्रोग्राम ही कृती आपापल्या भाषेत लिहितो.

फिल्मच्या कडेचे क्रमांक

फिल्मच्या काळात ही अडचण नव्हती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेवर दर फुटाला, म्हणजे १६ चौकटींमागे, एक क्रमांक छापलेला असे. संकलक मूळ निगेटिव्हवर कात्री चालवत नसे. तिच्यावरून काढलेल्या प्रतीवर काम करी. प्रत मनासारखी जुळली की कडेचे क्रमांक उतरवून यादी केली जाई आणि त्या यादीबरहुकूम निगेटिव्ह कापणारा माणूस मूळ निगेटिव्ह कापून जोडी. यादी कागदावर होती आणि क्रमांक फिल्मवर. ती वाचायला कोणतेही खास यंत्र लागत नव्हते.

१९५६ साली अँपेक्स कंपनीने चित्रमुद्रणाची चुंबकीय फीत बाजारात आणली आणि ही सोय गेली. फितीवर चित्र डोळ्यांना दिसत नाही, मग क्रमांक कोठला? हा प्रश्न वेळ-संकेताने सोडवला. १९६७ साली अमेरिकेतील इको कंपनीने फितीवर प्रत्येक चौकटीचा वेळ नोंदवण्याची पद्धत आणली. पुढे तेथील चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेने वेळ-संकेताचा सर्वमान्य नमुना ठरवून दिला. तास, मिनिट, सेकंद आणि चौकट या चार संख्यांनी फितीवरील कोणतेही चित्र आता अचूक सांगता येऊ लागले.

कागदी पट्टीवरचे निर्णय

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी सीबीएस आणि मेमोरेक्स या अमेरिकी कंपन्यांनी मिळून काढलेल्या सीएमएक्स कंपनीने 'सीएमएक्स ६००' हे संगणकावर चालणारे संकलनयंत्र सादर केले. त्यावर चित्र कृष्णधवल आणि कमी दर्जाचे दिसे. पण ते तयार चित्रफितीऐवजी निर्णयांची यादी देई. ती यादी दुसऱ्या यंत्राला दिली की ते मूळ उत्तम फितींवरून अंतिम फीत तयार करी. फिल्मच्या काळातील निगेटिव्हची यादीच येथे नव्या रूपात परत आली.

पुढे याच कंपनीच्या ३६०० या यंत्राच्या यादीचे रूप सर्वत्र रूढ झाले. सातपाटीच्या पाठातील पहिली ओळ त्या पद्धतीने मांडली तर अशी होईल : क्रमांक १, फीत 'बंदर', चित्र, सरळ जोड, मूळ फितीवर ००:०२:१०:०५ ते ००:०२:१४:०५, तयार पाठात ००:००:००:०० ते ००:००:०४:००. एवढेच. मूळ फितीवरील चार सेकंद तयार पाठात चार सेकंद, हा हिशेब कोणीही पडताळून पाहू शकतो. यादी साध्या अक्षरांत असल्याने सीएमएक्स कंपनी बंद पडली तरी ती वाचता येते आणि आजचे अनेक मोठे प्रोग्राम ती स्वीकारतात.

या साधेपणाची किंमतही होती. यादीत ९९९ पेक्षा अधिक नोंदी मावत नसत, चित्राचा एकच पदर असे. रंगदुरुस्ती, शीर्षके, चित्रावर चित्र ठेवण्याच्या करामती यांना तीत जागा नव्हती. येथे आपल्या संगीतातील स्वरलिपीची आठवण होते. पं. भातखंडे यांची लिपी वेगळी, पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांची वेगळी. एकीतून दुसरीत बंदिश उतरवली तर स्वर आणि मात्रा येतात. मींड आणि गायकीची सगळी ठेवण मात्र कोणत्याही लिपीत पुरती येत नाही. संकलनाच्या यादीचेही तसेच आहे. सांगाडा जातो, साज मागे राहतो.

प्रोग्रामांची घराणी

१९८९ साली अ‍ॅव्हिड, १९९१ साली अडोबीचा प्रीमियर आणि १९९९ साली ॲपलचा फायनल कट प्रो आला. चित्रांचे अनेक पदर आणि असंख्य करामती एकाच प्रोजेक्टमध्ये मावू लागल्या, आणि जुनी यादी अपुरी पडली. १९९० च्या दशकात ओएमएफ व पुढे एएएफ ही अधिक माहिती वाहून नेणारी रूपे आली. २००३ साली फायनल कट प्रोला एक्सएमएल रूपात प्रोजेक्ट बाहेर देता येऊ लागला. तरीही दोन प्रोग्रामांची कल्पनाच वेगळी असेल तर भाषांतर अडते. एकातील धूसरपणाची करामत दुसऱ्यात नसेलच, तर ती कोठे उतरवणार?

सर्वांत बोलका धडा २०११ चा. त्या वर्षी जूनमध्ये ॲपलने फायनल कट प्रोची सर्वस्वी नवी आवृत्ती आणली. तिला त्याच नावाच्या जुन्या आवृत्तीचे प्रोजेक्ट उघडता येत नव्हते. जगभरच्या व्यावसायिक संकलकांनी ओरड केली. सप्टेंबरमध्ये देवाणघेवाणीसाठी एक नवे एक्सएमएल रूप आले आणि जुने प्रोजेक्ट त्यात आणण्याचे साधन दुसऱ्याच एका छोट्या कंपनीने पुरवले. पुढे पिक्सार या चित्रपटसंस्थेने टाइमलाइनच्या देवाणघेवाणीसाठी खुले रूप तयार केले. २०१९ पासून त्याची देखभाल अकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आहे.

एकाच पुरवठादारावर विसंबण्याचे परिणाम बोईसर-तारापूरच्या वाचकांना नवे नाहीत. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागे आणि १९६३ च्या करारानुसार ते अमेरिकेतून येई. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर पुरवठा अडचणीत आला. अखेर १९८२ साली फ्रान्सशी बोलणी होऊन मार्ग निघाला. भट्टी आपली, पण इंधन एकाच दाराने येणारे. बंद रूपातल्या प्रोजेक्टचे दुखणे याच जातीचे आहे : चित्रण आपले, मेहनत आपली, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

देवनागरीची वेगळी अडचण

मराठी शीर्षकांचा प्रश्न आणखी एक पायरी पुढचा आहे. अनेक जुन्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर 'बंदर' ऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात. युनिकोडने १९९१ पासून देवनागरीला स्वतंत्र स्थान दिले, तरी त्यानंतरही अनेक संकलन-प्रोग्रामांत जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी पडत असे. म्हणून प्रोजेक्ट हलवताना शीर्षके पुन्हा टंकावी लागतील असे आधीच गृहीत धरणे शहाणपणाचे.

शिक्षकांसाठी यातून काही साध्या सवयी निघतात. मूळ चित्रण आणि ध्वनी वेगळ्या फोल्डरमध्ये, नावे न बदलता ठेवावेत. शीर्षकांचा मजकूर युनिकोडमध्ये स्वतंत्र फाइलीत लिहावा. तयार पाठाची एक प्रत शीर्षकांशिवाय काढावी. प्रोग्राम यादी देत असेल तर ती घ्यावी. मोबाइलवरील ॲप देत नसेल, तर तुकड्यांचा क्रम आणि वेळा वहीत उतरवाव्यात.

वर्गात याचा एक छान खेळ होतो. एका गटाने एखाद्या चित्रफितीतील पाच तुकडे निवडून फक्त वेळांची यादी करावी. दुसऱ्या गटाने मूळ चित्रफीत आणि ती यादी एवढ्यावरून पाठ पुन्हा जोडावा. मग दोन्ही शेजारी ठेवून काय जसेच्या तसे आले आणि काय हरवले, हे मुलांनीच सांगावे. एक सेकंद म्हणजे २५ चौकटी धरल्या तर दहा मिनिटांच्या पाठात किती चौकटी, हे गणितही (१५,०००) ओघाने येते. आपले काम दुसऱ्याला वाचता येईल अशा भाषेत लिहून ठेवावे, हा विज्ञानाचा जुना नियम मुलांना येथे हाताने करून पाहता येतो.