कोकणच्या लोकसमजुतींचे एक जुने पुस्तक

मंडळाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणां भगिनींना एका जुन्या इंग्रजी पुस्तकाची ओळख करून द्यावी, असे मी योजले आहे. पुस्तकाचे नाव ‘फोकलोअर नोट्स’, खंड दुसरा, कोकण. मुंबईत माझगावच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमध्ये ते १९१५ साली छापले गेले. गुजरातचा पहिला खंड आदल्या वर्षी निघाला होता.

जुने पुस्तक हाती आले की मी आधी शीर्षकपान वाचते. येथे त्यावर दोन नावे आहेत : माहिती जमविणारे ए. एम. टी. जॅक्सन आणि तिची जुळणी करणारे आर. ई. एन्थोवेन. जॅक्सन हे नाशिकचे कलेक्टर व संस्कृतचे जाणकार. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्या मागे राहिलेल्या साहित्यातून एन्थोवेन यांनी हे खंड सिद्ध केले. पुढे त्यांच्याच आधारे १९२४ साली ऑक्सफर्डहून ‘द फोकलोअर ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ निघाला.

शीर्षकपानानंतर पाहावयाच्या त्या तळटीपा. ग्रामदेवता, रोगराईच्या देवी, दृष्ट, भुतेखेते अशा विषयांवर प्रश्न काढून ते गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठविले होते. उत्तरे छापताना पानाच्या तळाशी ‘स्कूल मास्टर’ एवढे लिहून पुढे गावाचे नाव दिले आहे. मास्तरांचे स्वतःचे नाव नाही. तलासरीच्या वाचकांनी मात्र एक ध्यानात ठेवावे. त्या काळी तलासरी तालुका नव्हता. १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेले, तेव्हा इकडे राहिलेल्या गावांची तलासरी वेगळी झाली. पालघर जिल्हा तर २०१४ सालचा. तेव्हा आपला मुलूख या पुस्तकात ठाणे जिल्ह्यातच शोधावा लागतो.

आता मास्तरांना ही माहिती कोणी सांगितली असेल? बाळाची दृष्ट कशी काढावी, सटवी कशी पुजावी, हे ज्ञान शाळेच्या फळ्यावरचे नव्हे. ते घरातल्या आयाबायांचे. पुष्कळ उत्तरांमागे कोणाची आई, सासू वा शेजारीण असावी, असे मला वाटते. तिचा उल्लेख तळटीपेतही नाही.

असे व्हायलाच हवे होते, असेही नाही. त्याआधी ४७ वर्षे, १८६८ साली, लंडनच्या जॉन मरे यांनी ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले होते. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी हिने आपली आया अ‍ॅना लिबरेटा डी सूझा हिच्याकडून ऐकलेल्या गोष्टी त्यात लिहून काढल्या. चित्रे मेरीची बहीण कॅथरीन हिची. गोष्टींच्या आधी अ‍ॅनाची स्वतःची हकिकत छापली असून, आपल्या आजीकडून या गोष्टी कशा ऐकल्या ते तीत आले आहे. म्हणून आज दीडशे वर्षांनंतरही आपण तिचे नाव घेऊ शकतो.

आपल्या डहाणू-तलासरीत वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते, सवासिनी चौक लिहितात. महालक्ष्मीच्या कथा घरोघरच्या वृद्धा सांगतात. मंडळाने या वर्षी एक वही घालावी आणि हे सारे त्यांच्या संमतीने उतरून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. प्रत्येक गोष्टीखाली सांगणारीचे नाव, तिचा पाडा, आणि तिने ती कोणाकडून ऐकली, हे अवश्य लिहावे. पहिली पाने भरून देण्याचे काम मी आनंदाने करीन.