तुर्की ग्राहकाच्या वृत्तीची जडणघडण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
ग्राहक एखादी वस्तू का स्वीकारतो व का नाकारतो, याचे उत्तर सामान्यतः किंमत, उत्पन्न आणि आवड यांत शोधले जाते. तुर्कस्तानच्या बाबतीत हे उत्तर अपुरे ठरते. तेथील ग्राहकाच्या सवयींवर गेल्या दोन शतकांत शासनाचे कायदे, परकीय व्यापार, राष्ट्रभावना, धर्म आणि चलनवाढ यांचा खोल ठसा उमटला आहे. आज 'परंपरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही गोष्टीही याच परिस्थितीतून निर्माण झाल्या. फेझ टोपी, चहा आणि सोने ही तीन उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

फेझ : कायदा आणि राष्ट्रभावना
भारतात 'तुर्की टोपी' आणि हैदराबादेत 'रूमी टोपी' म्हणून परिचित असलेली फेझ ही तुर्कांची फार प्राचीन टोपी नव्हे. सुलतान महमूद दुसरा यांनी १८२० च्या दशकात ती प्रथम सैन्यात आणली आणि १८२९ च्या पोशाखविषयक नियमांनी शासकीय अधिकाऱ्यांच्या डोक्यावर पगडीऐवजी फेझ आली. इस्तंबूलमध्ये 'फेसहाने' हा सरकारी कारखानाही निघाला. परंतु १८३८ च्या इंग्रजांबरोबरच्या व्यापारी कराराने आयात मालावरील जकात पाच टक्क्यांवर मर्यादित झाली. पुढे इतर युरोपीय राष्ट्रांनीही तशाच सवलती मिळवल्या. स्वस्त परदेशी मालापुढे देशी कारागिरांचा टिकाव लागणे कठीण झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी फेझचा मोठा पुरवठा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून होत असे.

ऑक्टोबर १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया-हर्झेगोविना आपल्या राज्यास जोडून घेतला, तेव्हा उस्मानी शहरांत ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार पुकारण्यात आला. बंदरांवरील हमाल व होडीवाल्यांनी माल उतरवण्यास नकार दिला. लोकांनी फेझ फाडल्या आणि पांढऱ्या नमद्याच्या टोप्या घातल्या. फेब्रुवारी १९०९ मध्ये ऑस्ट्रियाने भरपाई देण्याचे मान्य केल्यावर बहिष्कार मागे पडला. भारतातील १९०५ च्या स्वदेशी चळवळीप्रमाणे येथेही खरेदी हे राजकीय मत व्यक्त करण्याचे साधन बनले. पुढे २५ नोव्हेंबर १९२५ च्या कायद्याने फेझवर बंदी आली. सुलतानाने आणलेली नवलाई, बहिष्कृत परदेशी माल आणि अखेर निषिद्ध 'जुना' पोशाख, असा या टोपीचा प्रवास शंभर वर्षांच्या आत पूर्ण झाला.

बचत आणि स्वदेशी :
प्रजासत्ताकाने ग्राहकाला काटकसरीचे वळण लावले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इश बँकेच्या आरंभीच्या भांडवलात भारतीय मुस्लिमांनी तुर्की स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात पाठवलेल्या निधीचा वाटा होता, ही बाब उल्लेखनीय आहे. याच बँकेने १९२८ पासून बचतीचे गल्ले घरोघरी पोहोचवले. जागतिक मंदीच्या तोंडावर, १९२९ च्या अखेरीस, राष्ट्रीय अर्थव्यवस्था व बचत संस्था स्थापन झाली आणि शाळांतून 'स्वदेशी माल सप्ताह' साजरा होऊ लागला. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या सुमेरबँकेच्या गिरण्यांचे कापड सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचले.

चहा : टंचाईतून परंपरा
इस्तंबूलमध्ये सोळाव्या शतकापासून कॉफीखाने होते. कॉफी पिकवणारा येमेन मात्र पहिल्या महायुद्धानंतर हातचा गेला आणि कॉफीसाठी परकीय चलन मोजावे लागू लागले. शासनाने १९२४ मध्ये काळ्या समुद्रकाठच्या रिझे भागात चहा लागवडीचा कायदा केला. १९३० च्या दशकात जॉर्जियातून बियाणे आणण्यात आले आणि १९४७ मध्ये रिझे येथे पहिला कारखाना सुरू झाला. १९६० च्या दशकात देशी उत्पादन देशाची गरज भागवू लागले. याउलट १९५० च्या दशकाच्या अखेरीस व पुन्हा १९७० च्या दशकात कॉफी इतकी दुर्मीळ झाली की भाजलेल्या हरभऱ्याची पूड घालून तिची तहान भागवावी लागे. चहा स्वस्त होता आणि नेहमी मिळत असे. आज दरडोई चहा सेवनात तुर्कस्तान जगात अग्रस्थानी गणला जातो.

सोने, हप्ते आणि श्रद्धा :
२४ जानेवारी १९८० च्या आर्थिक निर्णयांनंतर बाजार खुला झाला. १९८८ मध्ये इस्तंबूलमध्ये 'गॅलेरिया' हे आधुनिक व्यापारसंकुल उघडले. १९९६ पासून युरोपीय संघाशी जकातसंघ अमलात आला. धर्मनिष्ठ मध्यमवर्गासाठी पडदानशीन पोशाखाचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला, तर १९८३ च्या आदेशान्वये बिनव्याजी वित्तसंस्थांना वाट मिळाली. मात्र चलनवाढ हटली नाही. १९९४ मध्ये ती शंभर टक्क्यांच्या वर गेली, २००५ मध्ये लिरावरील सहा शून्ये काढावी लागली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिकृत दर ८५ टक्क्यांच्या वर पोहोचला. साठवलेली नोट जेथे झिजते तेथे लग्नातील सोन्याची नाणी उशीखाली जपणे आणि टिकाऊ वस्तू हप्त्याने आजच घेणे ही उधळपट्टी ठरत नाही, तर ती व्यवहारी दक्षता असते.

समारोप :
तुर्की ग्राहक 'पाश्चात्त्य' की 'पारंपरिक' हा प्रश्न वारंवार विचारला जातो. वरील उदाहरणांवरून तो प्रश्नच अपुरा असल्याचे दिसून येते. चहाचा पेला, कपाटातील नाणे आणि डोक्यावरची टोपी यांच्यामागे जकातीचे दर, टंचाई व कायदे उभे आहेत. एखाद्या समाजाच्या सवयींना त्याचा स्वभाव वा धर्म कारण आहे असे ठरवण्यापूर्वी, त्याला कोणत्या काळी काय मिळत होते आणि काय मिळत नव्हते, हे तपासणे आवश्यक आहे.