ऐंशी बिटांचा घोळ

मंडळी, जानेवारी २०११ मध्ये पीएचपी वापरणाऱ्या सर्व्हरवाल्यांची झोप एका आकड्याने उडवली होती. आकडा असा: २.२२५०७३८५८५०७२०११ई-३०८. वेबसाईटला कोणीही हा पाठवावा आणि प्रोग्रामने त्याची संख्या करायला घ्यावी, की प्रोसेसर १०० टक्के आणि उत्तर काही येत नाही! गंमत म्हणजे ३२-बिट बिल्ड अडकायचे, ६४-बिटवाले खुशाल चालायचे. सोर्स कोड मात्र तोच.

याचं मूळ शोधायचं तर १९८० सालात जावं लागतं. इंटेलने त्या वर्षी ८०८७ ही गणिताची चिप आणली. तिच्या रचनेत बर्कलीचे प्रा. विल्यम काहान सल्लागार होते. चिपमधली आठही रजिस्टरं ८० बिटांची, आणि मेमरीतला डबल ६४ बिटांचा. हेतू चांगलाच होता. मधल्या पायऱ्या जास्त अचूक ठेवल्या की शेवटच्या उत्तरात चूक कमी शिरते. १९८५ च्या आयईईई ७५४ स्टँडर्डनेही अशा जादा बिटांना जागा ठेवली.

आता बघा, मनातल्या मनात पैशापर्यंत हिशेब करायचा आणि वहीत मात्र रुपयेच लिहायचे, अशी ही पद्धत. वहीत कधी लिहायचं हे ठरलेलं असेल तर काही बिघडत नाही. इथे ते ठरवत होता कंपायलर! ऑप्टिमायझेशन बंद असेल तर तो प्रत्येक किंमत मेमरीत लिहितो, म्हणजे जादा बिटं गळतात. ऑप्टिमायझेशन चालू केलं की किंमत रजिस्टरातच राहते, बिटं टिकतात. मग एकच गणित दोनदा करून तुलना केली तर उत्तर "समान नाही" असं येऊ शकतं. बग शोधायला मध्ये प्रिंटची एक ओळ टाकावी, तर किंमत मेमरीत जाते आणि बग गायब!

जीसीसीच्या बग यादीत २००० साली याची नोंद झाली, क्रमांक ३२३. हा बग जीसीसीचा की प्रोसेसरचा, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. सी भाषेचं स्टँडर्ड सांगतं की व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवली की जादा बिटं टाकून द्या. पण ते पाळलं तर वेग जातो. शेवटी २०१० मध्ये जीसीसी ४.५ ने सी साठी वेगळं सेटिंग दिलं.

जावाचीही हीच ओढाताण. सुरुवातीला सगळीकडे एकच उत्तर हा आग्रह, मग १९९८ मध्ये वेगासाठी तो सैल केला, आणि काटेकोरपणा हवा असलेल्यांना स्ट्रिक्टएफपी हा शब्द दिला. २०२१ च्या जावा १७ ने पुन्हा सगळं काटेकोर केलं. कारण मधल्या काळात, २००० साली, पेंटियम ४ बरोबर एसएसई२ आलं होतं. त्यात डबल ६४ बिटांतच राहतो. ६४-बिट बिल्ड तेच वापरतात, म्हणून ते पीएचपीच्या फेऱ्यातून सुटले. ३२-बिटवाल्यांसाठी पीएचपी ५.३.५ मध्ये व्हेरिएबलला व्होलाटाइल केलं, म्हणजे किंमत दर वेळी मेमरीत लिहून परत वाचायची. एका शब्दाचा उपाय.

संपलं का सगळं? छे! एआरएमच्या ६४-बिट मशीनवर जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकत्र करून एकदाच राउंडिंग करतं. साध्या ६४-बिट इंटेल बिल्डमध्ये ते दोनदा होतं. म्हणजे शेवटचा बिट वेगळा येऊ शकतो, आणि या वेळी उलट दिशेने जाणवतो, इंटेलवरून एआरएमकडे जाताना. तिथे एफपी-कॉन्ट्रॅक्ट हे सेटिंग ऑफ करून बघा. आणि फास्ट-मॅथ कोणी, कधी, कशासाठी लावलं होतं, हे आपापल्या मेकफाइलमध्ये एकदा शोधाच.

असो. बग ३२३ चा तो धागा सवडीने वाचण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं पटतं, हीच पंचाईत!