किर्लोस्करांचा नांगर आणि आपली गादी

‘व्यवसायास लागणारी मनोवृत्ती’ ह्या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी स्मरणिकेच्या संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी नकारच कळविला. ज्याने अडतीस वर्षे हातात खडू धरला आणि दरमहा पगाराची वाट पाहिली, त्याने दुकानदारीवर प्रवचन करावे हे हास्यास्पद होय. परंतु शाळेत इतिहास शिकविताना एका पुरुषाचे चरित्र मी मुलांस वारंवार सांगत आलो, आणि ते सांगताना माझ्या वडिलांचे दुकान माझ्या डोळ्यांपुढून हलत नसे. ह्या दोन गोष्टी एकत्र मांडण्यापुरता माझा अधिकार आहे, असे समजून लेखणी उचलली आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घराण्यात कारखानदारीचा गंधही नव्हता. चित्रकार व्हावे म्हणून हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस कळत नाही, असे त्यास तेथे आढळून आले. चित्रकाराच्या दृष्टीने ह्याहून मोठा आघात कोणता? दुसऱ्या एखाद्याने नशिबास बोल लावीत गावचा रस्ता धरला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा तेवढी ठेविली. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास रंग लागत नाहीत. त्या विद्येच्या बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. (अखेर तेही शिक्षकच होते, ह्याचे मला शिक्षक म्हणून थोडे समाधान वाटते, मात्र ते त्या खुर्चीत राहिले नाहीत, हा आम्हा दोघांतील फरक!)

1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून माल धाडीत, बंधू रामूअण्णा तो बेळगावात विकीत. त्या काळी सायकल घेणाऱ्यास ती चालविता येईलच असे नव्हते. म्हणून सायकल विकावयाची आणि ती चालविण्यासही शिकवावयाचे, असा दुहेरी उद्योग ह्या बंधूंनी चालविला. पुढे मुंबईची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावात आले आणि कडबा कापण्याची यंत्रे करू लागले. त्यानंतर, विसाव्या शतकाच्या आरंभी, लोखंडी नांगर घडविला गेला.

येथे वाचकांनी थोडे थांबावे. नांगर उत्तम होता, तरी तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीस विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आपण शिकलेली माणसे ह्यास अडाणीपणा म्हणून हसतो. पण शेतकऱ्याच्या जागी बसून हिशेब करून पाहावा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, मोडला तर तोच दुरुस्त करी, आणि मोबदला म्हणून सुगीत बलुते घेऊन जाई. रोख पैसा लागतच नसे. लोखंडी नांगरास मात्र आधी रोकड मोजावी लागणार. फाळ झिजला तर नवा कोठून आणावयाचा, हा प्रश्न आणखी वेगळा. तेव्हा नकार केवळ अज्ञानाचा नव्हता, त्यात व्यवहारही होता. पहिले मोजके नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. दोन वर्षे माल दारात पडून आहे आणि मनुष्य तोच माल सुधारीत बसला आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा खोल मुळे धरतात. लाकडी नांगर त्या मुळांपर्यंत पोहोचत नाही, लोखंडी पोहोचतो. हे एकदा रानात प्रत्यक्ष दिसल्यावर जमिनीच्या विषाची गोष्ट हळूहळू मागे पडली.

इतक्यात बेळगावची जागा गावाच्या वाढीसाठी हवी झाली आणि कारखाना उठवावा लागला. त्या वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज लक्ष्मणरावांस दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रानच ते. सापांचे राज्य आणि पाण्याचे दुर्भिक्ष. 1910 साली सुमारे पंचवीस कामगार आपली कुटुंबे घेऊन तेथे उतरले. तेच आजचे सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी होय. पुढे स्टेशनासही तेच नाव मिळाले.

माणसे कोणती घेतली, ते पाहण्यासारखे आहे. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले, ते तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभूराव जांभेकरांच्या हातची कारागिरी कारखान्यास लाभली. मंगेशराव रेगे ह्यांनी हिशेबाची बाजू धरली. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्यांस तर चक्क रात्रीच्या रखवालीस नेमले, आणि त्यांनी तो विश्वास राखला. प्रशस्तिपत्रे पाहून माणूस निवडण्याची आम्हा मास्तरांची सवय येथे कामास आली नसती.

पहिल्या महायुद्धात विलायतेहून येणारे लोखंड आणि कोळसा दुर्मीळ झाले. दगडी कोळसा नाही तर लाकडी कोळसा वापरून पाहिला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींकडून जुन्या तोफा मिळविल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले. इतिहासाच्या शिक्षकास तोफा वितळल्याचे दुःख व्हावयास हवे. मला कधी झाले नाही. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. भागधारक आले, वार्षिक ताळेबंद आला. धंद्याचा पैसा निराळा आणि घराचा निराळा, ही रेघ कायद्यानेच आखली गेली. पुढे पंप निघाले, इंजिने निघाली, तो विस्तार सर्वश्रुत आहे. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी निवर्तले.

आता आपल्या गादीकडे येतो. आपण कासार. भांडी आणि बांगड्या हा आपला पिढीजात व्यवसाय. तालुक्याच्या पेठेत माझ्या आजोबांनी मांडलेले तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान वडिलांकडे आले. हंडे, घंगाळे, पराती, तपेली, सारे झळझळीत मांडलेले असे. लग्नसराईत रुखवताची भांडी आमच्याकडूनच जात. वडिलांचा शब्द चोख, वजन त्याहून चोख. मोडीचा भाव देताना त्यांनी कोणास फसविल्याचे मला ठाऊक नाही. तरीही 1981 साली दुकान बंद झाले. घरात त्याचे एकच कारण सांगत : स्टेनलेस स्टीलने पितळ मारले.

हे कारण खरे आहे, पण अर्धेच. त्याच पेठेत आमच्यासमोरच्या दुकानदाराने 1975 च्या सुमारास एका फळीवर स्टीलची ताटे मांडली, दुसऱ्या वर्षी दोन फळ्यांवर. ‘पत्र्याचा माल कासाराच्या गादीवर ठेवायचा नाही,’ असे वडील म्हणत. त्यांस पितळ विकावयाचे होते. गिऱ्हाइकास मात्र कल्हई न लागणारे भांडे हवे होते. चुलीपुढे बसणाऱ्या बाईस कल्हईवाल्याची वाट पाहण्याचा कंटाळा आला आहे, हे त्यांनी कधी विचारले नाही. नांगर न घेणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणणे दोन वर्षे ऐकले गेले म्हणून नांगर बदलत गेला. आमच्या दुकानी गिऱ्हाईक बोलले तरी ते अडाणी ठरे.

दुसरी गोष्ट गल्ल्याची. आईस भाजीला पैसे हवेत, गल्ल्यातून. आत्याच्या घरी बारसे, गल्ल्यातून. माझी परीक्षेची फी, तीही तेथूनच. ह्यात कोणाचा दोष काढावा? सारे कुटुंब त्या लाकडी पेटीवर पोसत होते. पण महिनाअखेरीस माल आणावयास काय उरते, हे कोणासच सांगता येत नसे.

तिसरी गोष्ट माझी स्वतःची, आणि ती ह्या समाजापुढे मी आजवर बोललो नव्हतो. 1976 साली मी मॅट्रिक झालो. वडील म्हणाले, ‘बाळ, दोन वर्षे वह्या तेवढ्या सांभाळ. माझे हिशेब कोठे गळतात ते मला कळत नाही.’ कोणापुढेही हात न पसरणाऱ्या माणसाची ती विनंती होती. मी अध्यापन पदविकेस नाव घातले. मास्तरकीत मान होता, निवृत्तिवेतन होते, आणि काळी झालेली बोटे नव्हती. पुढे वर्गात लक्ष्मणरावांचे चरित्र मी रंगवून सांगत असे, आणि तास संपल्यावर आपल्याच समाजातील दुकानदारांच्या मुलांस बजावीत असे, की नीट अभ्यास करा, नाहीतर बापासारखे दुकानात बसाल. त्यांपैकी काहींनी माझे ऐकले. दोघांच्या घरची दुकाने बंद पडलेली मी पाहिली आहेत.

आपली संस्था दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते, त्यात परीक्षेचे टक्के पाहिले जातात. ज्या मुलाने वा मुलीने घरच्या दुकानाचे वर्षभराचे जमाखर्च चोख लिहून दाखविले, त्यांसही एक पारितोषिक द्यावे, अशी सूचना मी कार्यकारिणीस लेखी दिली आहे. पहिल्या वर्षाची रक्कम मी माझ्या निवृत्तिवेतनातून भरीन. सूचना मान्य होणे न होणे कार्यकारिणीच्या हाती.

असो. वडिलांची शेवटची रोजकीर्द माझ्यापाशी आहे. हा लेख लिहिण्यापूर्वी ती पुन्हा उघडली. उधारी गावोगावच्या नावांनिशी मांडलेली आहे. सुगीत देतो म्हणणारे कित्येक त्यात आहेत. मोडीचे वजन तोळ्यापर्यंत लिहिले आहे. ‘घरखर्च नावे’ अशी नोंद मात्र साऱ्या वहीत कोठेही नाही. शेवटच्या लिहिलेल्या पानानंतर सतरा पाने कोरी आहेत, आणि त्यांतील पहिल्या पानावर वडिलांनी वर ‘श्री’ लिहून ठेविले आहे.