पावले मोजणाऱ्या पट्ट्याची गोष्ट

'रोज दहा हजार पावले चाला' हा सल्ला आपण सर्वांनी ऐकला आहे. हा आकडा आला कोठून? १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सामने झाले. पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने कमरेला अडकवायचे पावले मोजणारे यंत्र विक्रीला आणले. त्याचे नाव 'मान्पो-केई'. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल, केई म्हणजे मापक. आकडा लक्षात राहण्याजोगा होता. आरोग्याच्या एखाद्या मोठ्या पाहणीतून मात्र तो निघालेला नव्हता.

या यंत्राला नवा जन्म मिळाला तो मोटारींमुळे. टक्कर होताच मोटारीतील हवेची पिशवी फुगावी, यासाठी १९९० च्या दशकात सिलिकॉनवर कोरलेला त्वरणमापक वापरात आला. त्यात सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले एक वस्तुमान असते. धक्का बसला की ते किंचित सरकते, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि विद्युत धारिताही बदलते. हा बदल मोजला की त्वरण कळते. आपण चालतो तेव्हा पावलागणिक त्वरणाचा आलेख उंचावतो. हे उंचवटे मोजले की पावले मिळाली!

मागणी वाढली तसा हा संवेदक स्वस्त झाला. २००७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या फिटबिट कंपनीने २००९ मध्ये कपड्याला अडकवायचे आपले पहिले साधन विकायला काढले. २०११ मध्ये जॉबोनचा आणि २०१२ मध्ये नाइकेचा मनगटी पट्टा आला. जून २०१५ मध्ये फिटबिटने आपले समभाग प्रत्येकी २० डॉलरला विक्रीस काढले. त्या वर्षी कंपनीने दोन कोटींहून अधिक साधने विकली.

पण ज्या कारणाने हा धंदा उभा राहिला, त्याच कारणाने तो खचला. स्वस्त संवेदक सर्वांनाच मिळत होता. २०१३ च्या आयफोनमध्ये हालचालींची नोंद ठेवणारी वेगळी चिप होती. म्हणजे पावले मोजणारे यंत्र आता खिशातच आले. २०१४ मध्ये चीनच्या शाओमीने अवघ्या ७९ युआनला पट्टा विकला. २०१५ मध्ये ॲपलचे घड्याळ आले. खालून स्वस्त पट्टा, वरून अनेक कामे करणारे घड्याळ, अशा कात्रीत जुन्या कंपन्या सापडल्या. नाइकेने २०१४ मध्येच पट्ट्याच्या कामावरील बहुतेक माणसे कमी केली. जॉबोन २०१७ मध्ये बंद पडली. २०१९ साली गूगलने फिटबिट विकत घेण्याचा करार केला, तो समभागामागे ७.३५ डॉलरने.

यात केवळ व्यापाराचा धडा आहे का? आम्हांला तसे वाटत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वजन कमी करू पाहणाऱ्या तरुणांचे दोन गट दोन वर्षे तपासले. पट्टा वापरणाऱ्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने उतरले; पट्टा न वापरणाऱ्यांचे ५.९ किलोने! आणि दहा हजारांचे काय? आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वृद्ध स्त्रियांना चालण्याचा लाभ दिसला खरा. पण मृत्युदरातील घट सुमारे साडेसात हजार पावलांनंतर थांबली होती. एका वयोगटाची ही पाहणी सर्वांना लागू करता येणार नाही. तरीही 'दहा हजार' हा निसर्गनियम नाही, एवढे त्यातून दिसते.

जे सहज मोजता येते तेच महत्त्वाचे, असे आपण नकळत धरून चालतो. गुणपत्रिका हाती घेणाऱ्या आपल्यासारख्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. एक साधा प्रयोग वर्गात करून पाहा. एका विद्यार्थ्याने मोबाइल खिशात ठेवून मैदानाला फेरी मारावी, दुसऱ्याने त्याची पावले मोजावीत. मग त्याने मोबाइल हातात धरून एका जागी बसूनच हात हलवावा. यंत्र काय दाखवते? यंत्राने पाऊल मोजले की नुसता हेलकावा, हा प्रश्न मुलांनाच विचारू द्या.