सुदान गवताचं कुळ

पावसाच्या भरवशावरच्या कोरड्या जमिनीत एकाच हंगामाचा हिरवा चारा घ्यायचा, तर सुदान गवताचं नाव निघतंच. दिसायला कडवळासारखं, पण काडी बारीक, फुटवे भरपूर, आणि कापलं की पुन्हा फुटणारं. हे गवत अमेरिकेला आणि पुढे जगाला सापडलं ते मात्र एका तणापायी.

ते तण म्हणजे जॉन्सन गवत. भूमध्य सागराकडचं हे बारमाही गवत चारा म्हणून अमेरिकेत गेलं. अलाबामातल्या कर्नल विल्यम जॉन्सन यांनी १८४० च्या सुमारास ते लावलं आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. चारा उत्तम, पण जमिनीखाली हरळीसारखी धावणारी खोडं. नांगरानं तुकडे केले की प्रत्येक तुकड्यातून नवं झाड! दक्षिणेतल्या कापूसवाल्यांना ते नकोसं झालं.

अमेरिकी कृषी खात्यातले चार्ल्स व्हँकुव्हर पायपर यांनी मग याच गवताचा, पण धावती खोडं नसलेला भाऊबंद शोधायला घेतला. १९०९ मध्ये खार्तूमच्या शेतकी संचालकांकडून ‘गरावी’ नावाचं बी आलं. वजन आठ औंस, म्हणजे पाव किलोही नाही. टेक्सासातल्या चिलिकोथी केंद्रावर ते पेरलं. हंगाम संपला की मुळासकट मरणारं, हवं तसंच गवत मिळालं. तेच सुदान गवत. काही वर्षांतच ते कोरड्या पट्ट्यात पसरलं.

खरा वाद पुढे आहे. गरावी हे स्वतंत्र रानगवत, की ज्वारीच्याच घरातलं? वनस्पतिशास्त्रज्ञ ऑटो स्टाप्फ यांनी त्याला वेगळी जात मानलं. १९७८ मध्ये दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ द वेट यांनी मात्र त्याला ज्वारी आणि तिच्या रानटी नातलगांच्या संकरातून बांधावर उगवणाऱ्या गवतांत बसवलं. मी द वेट यांच्या बाजूचा आहे. गरावीत गुणसूत्रं वीस, ज्वारीतही वीस, आणि दोघांचा संकर सहज होतो. शिवाय त्याचं बी रानगवतासारखं पिकताक्षणी झडत नाही, की ज्वारीसारखं कणसाला घट्ट धरूनही राहत नाही, उशिरा गळतं. हा मधलाच स्वभाव मला सगळ्यात बोलका वाटतो. सुदानात ज्वारीची शेतं आणि रानटी ज्वारी शेजारी-शेजारी असतात. परागांना तेवढं अंतर पुरतं.

जॉन्सन गवताची गुणसूत्रं मात्र चाळीस. त्याच्या पूर्वजांत एक ज्वारीच्या वंशातला आणि दुसरा धावती खोडं असलेली आशियाई रानज्वारी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तसं असेल, तर पायपर यांना आफ्रिकेत भेटली ती त्या तणाची निरुपद्रवी बाजू. खोडं दुसऱ्या बाजूची होती. शोधाचा नेम इतका अचूक लागला, तो मला यामुळेच वाटतो.

पण कुळाबरोबर विषही आलं. कोवळ्या ज्वारीत आणि पाण्याच्या ताणानं सुकलेल्या फुटव्यांत जनावराच्या पोटात सायनाइड तयार करणारा घटक असतो. सुदान गवतात तो ज्वारीपेक्षा कमी, पण असतो. म्हणून गुडघ्याच्या बराच वर वाढेपर्यंत गुरं त्यात सोडू नयेत, आणि पावसाच्या खंडात तर अजिबात नाही.

निव्वळ वाळू असेल, तर मी सुदान गवताआधी बाजरी निवडेन. तीही सहाराच्या दक्षिण काठची, आणि सायनाइडचं हे विष तिच्यात नाही. हलक्या, रेताड जमिनीत ती सुदान गवताहून अधिक तग धरते. थोडी माती आणि थोडी ओल असेल, तिथे सुदान गवताचं पारडं जड, कारण एका पेरणीत दोन-तीन कापण्या मिळतात. हरियाणात हिसारच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीशी त्याचा पुन्हा संकर केला आणि ‘मीठी सुदान’ तयार झालं. सुदानच्या बांधावर वाऱ्यानं जे घडवलं असावं, तेच हिसारला माणसानं ठरवून केलं.